स्टेशनरी : ‘ए’ की ‘ई’?

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाण्यातल्या बोर्डवाल्यांना जेवायला फुरसत नव्हती. मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्येच कडक झाला होता. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेली दुकानंही त्यात आली होती आणि देवनागरी अक्षरं बाकीच्या लिपीपेक्षा बारीक चालणार नाहीत, असंही ठरलं होतं. पण त्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले. मी नौपाड्यात डीटीपी आणि प्रुफं तपासायचं काम करते. त्या महिन्यात लग्नपत्रिकांपेक्षा बोर्डांचंच मॅटर जास्त आलं.

त्यातलंच एक आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या वह्या-पेनांच्या दुकानाचं. वरची ओळ ठसठशीत मराठीत, शेवटी ‘स्टेशनरी स्टोअर्स’. खाली तेच बारीक इंग्रजीत. मराठी ओळीत बोट ठेवायला जागा नव्हती. इंग्रजी ओळीत मात्र ‘स्टेशन’ संपल्यावर ए, मग आर, मग वाय.

“काका, इथे ॲपलचा ए नको, एलिफंटचा ई हवा.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, सव्वीस वर्षं जुन्या बोर्डावर हाच ए आहे. वाचून एक तरी गिऱ्हाईक माघारी गेलं का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिऱ्हाईक कशाला माघारी जाईल? जूनमध्ये ब्राऊन पेपरचा रोल आणि चौरेघी वही मिळाल्याशी कारण. शिवाय काका या चुकीत एकटे नाहीत. गोखले रोडने स्टेशनकडे चालत जा आणि पाट्या वाचत जा, अर्ध्या वाटेत मोजणं सोडून द्याल. कॉम्प्युटरही मदतीला येत नाही, कारण ए घातला तरी होतो तो शब्द इंग्रजीत आहेच. खाली लाल रेघ उमटत नाही.

आधी फरक सांगून टाकते. ई असलेली स्टेशनरी म्हणजे कागद, वह्या, पेनं, पाकिटं, शाई. ए असलेला शब्द विशेषण आहे. त्याचा अर्थ स्थिर, एका जागी उभा, न हलणारा. फाटक पडल्यामुळे उभी असलेली बस ए वाली. उच्चार दोन्हींचा सारखाच. म्हणजे काकांच्या जुन्या बोर्डाचा अर्थ काटेकोरपणे लावायचा तर ‘न हलणारं दुकान’ असा होत होता. दुकान सव्वीस वर्षं त्याच जागी आहे, त्यामुळे तेही खोटं नव्हतं म्हणा.

गंमत ही, की शब्दाच्या इतिहासात शिरलं तर काकांची चूक अगदीच परकी निघत नाही. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत.

लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. त्यावरून ‘स्तातिओ’, म्हणजे उभं राहायची जागा, पहाऱ्याची जागा, चौकी, मुक्काम. आणि त्या जागेवरचा माणूस तो ‘स्तातिओनारिउस’. रोमन साम्राज्यात रस्त्यांवरच्या चौक्यांत बंदोबस्तासाठी जे शिपाई नेमलेले असत, त्यांना हा शब्द लावत. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे, ठाणेदार. हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

रोमन साम्राज्य गेलं, लॅटिन राहिली, आणि मध्ययुगात हाच शब्द बाजारात उतरला. त्या काळचा बहुतेक किरकोळ व्यापार फिरता होता. पाठीवर गाठोडं, या जत्रेतून त्या जत्रेत. ज्याला कायमची टपरी किंवा गाळा होता तो विक्रेता वेगळा दिसायचा. तो झाला स्तातिओनारिउस, एका जागी बसून विकणारा. आता कायम एका जागी बसणं कोणाला परवडत होतं? ज्याचं गिऱ्हाईक रोज तिथेच येणार होतं त्याला. तेराव्या शतकात बोलोन्या, पॅरिस अशा ठिकाणी विद्यापीठं उभी राहिली होती आणि विद्यार्थ्यांना पुस्तकं लागत होती. त्यामुळे हा शब्द हळूहळू पुस्तकवाल्यांनाच चिकटला.

छपाई अजून यायची होती. पुस्तक म्हणजे हाताने नकललेली पोथी. विद्यापीठाच्या आसऱ्याने दुकान मांडलेल्या या मंडळींची पद्धत फार हुशारीची होती. अभ्यासाच्या ग्रंथाची एक नमुनाप्रत त्यांच्याकडे असायची, पण ती बांधलेली नसायची. तिचे सुटे सुटे भाग करून ठेवलेले असत. एका भागाला लॅटिनमध्ये ‘पेकिया’ म्हणत, तुकडा अशा अर्थाने. विद्यार्थ्याने किंवा त्याने नेमलेल्या लेखकूने एक भाग भाड्याने न्यायचा, नक्कल करायची, परत आणून द्यायचा, पुढचा न्यायचा. एकाच ग्रंथावर त्यामुळे एका वेळी अनेक हात चालत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात एकाच वहीची पानं सुटी करून चौघं वाटून घेतात, तसंच.

भाडं किती घ्यायचं ते विद्यापीठ ठरवी. नमुनाप्रत बिनचूक आहे की नाही हे बघायला माणसं नेमलेली असत. बोलोन्यात त्या माणसांना या ‘पेकिया’वरूनच पदनाम मिळालं होतं. प्रतीत चुका निघाल्या तर दुकानदाराला दंड. हे वाचलं तेव्हा मला आमच्या काकांची काळजी वाटली. जगातल्या पहिल्या स्टेशनरांना चुकीच्या अक्षराबद्दल दंड होत होता.

इंग्रजीत ए वालं विशेषण आणि हा दुकानदार, दोन्ही शब्द चौदाव्या शतकात दिसू लागतात, आणि इथेच वाटा फुटतात.

विशेषण आलं ते विद्वानांकडून, खगोलशास्त्राच्या बोटाला धरून. ग्रह आकाशात पुढे सरकता सरकता थांबल्यासारखा दिसतो, मग उलटा जातो. त्या थांबलेल्या ग्रहासाठी इंग्रजीत ए वाला शब्द वापरला गेला. आपल्या पंचांगवाल्यांकडे त्याला स्तंभी म्हणतात. वक्री आणि मार्गी यांच्या मधली अवस्था. लॅटिनचं ‘आरिउस’ हे शेपूट इंग्रजीत ए-आर-वाय होऊन राहिलं, म्हणून या शब्दात ए.

दुकानदार आला तो रस्त्यावरून. लोकांच्या तोंडी रुळता रुळता त्याचं शेपूट झिजलं आणि तो ‘स्टेशनर’ झाला. बेकर, ग्रोसर, ड्रेपर यांच्या पंगतीत जाऊन बसला आणि त्यांच्यासारखंच ई-आर घेतलं. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, ड्रेपरची ड्रेपरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. माणसाच्या धंद्याच्या नावाला वाय जोडला की त्याचा माल किंवा त्याचं दुकान. ई तिथे आहे तो माणसामुळे. मला स्वतःला स्पेलिंग आठवायची एवढीच युक्ती पुरते. शाळेत शिकवलेली दुसरीही आहे, एन्व्हलपचा ई म्हणजे पाकिटवाली स्टेशनरी. ती जास्त सोपी आहे, पण ती तोंडपाठ करायची गोष्ट. पहिलीत कारण आहे.

लंडनमध्ये या मंडळींचं बस्तान बसलं सेंट पॉल कॅथेड्रलच्या आवाराभोवती. नक्कल करणारे, पानांवर रंगीत चित्रं काढणारे, बांधणी करणारे, पुस्तकं विकणारे अशा सगळ्यांचा मिळून १४०३ साली एक संघ झाला. पुढे छपाई आली, नक्कलनवीस मागे पडले, पण संघ टिकला. १५५७ मध्ये राणी मेरी आणि राजा फिलिप यांनी त्याला सनद दिली आणि छपाईची नाडी या स्टेशनर्स कंपनीच्या हातात गेली. थोडे अपवाद सोडले तर या कंपनीचा सभासद असल्याशिवाय इंग्लंडात छापता येईना. सरकारलाही ते सोयीचंच होतं. राजद्रोही, धर्मद्रोही मजकूर कोण छापतं हे बघायला आयता पहारेकरी मिळाला. चौकीवरचा शिपाई असा पुन्हा कामाला लागला.

सभासदाने एखादं पुस्तक छापायचं ठरवलं की फी भरून कंपनीच्या नोंदवहीत नाव घालायचं. एकदा नोंद झाली की ते पुस्तक दुसऱ्या कोणी छापायचं नाही. शेक्सपिअरची नाटकं १६२३ साली एकत्र छापली गेली, तेव्हा आधी न छापलेल्या नाटकांची नोंद याच वहीत झाली. आज कॉपीराइट म्हणतो त्याचं मूळ या वहीत आहे. फक्त तो हक्क लेखकाचा नव्हता, छापणाऱ्याचा होता. लेखकाला एकदा हस्तलिखिताचे पैसे मिळाले की विषय संपला. १७१० मध्ये राणी ॲनच्या कारकिर्दीत कायदा आला तेव्हा हक्क पहिल्यांदा लेखकाकडे आला. नव्या पुस्तकाला चौदा वर्षं आणि लेखक हयात असेल तर आणखी चौदा. नोंद मात्र तरीही स्टेशनर्सच्याच वहीत करायची होती.

मग पुस्तकवाल्याचा शब्द कागद-पेनवाल्याकडे कसा गेला? धंदे वेगळे होत गेले तसा. पुस्तकं विकणाऱ्यांनी आपल्यासाठी ‘बुकसेलर’ हा सरळ शब्द घेतला. मागे उरला तो कोरा कागद, कोऱ्या वह्या, शाई आणि मोहोर उठवायची लाख विकणारा. १६५६ साली टॉमस ब्लाउंट याने ‘ग्लॉसोग्राफिया’ नावाचा कोश काढला. त्यात तो जरा वैतागूनच सांगतो की लोक स्टेशनर, बुकसेलर आणि बाइंडर यांच्यात गल्लत करतात. हे तीन वेगळे धंदे आहेत. स्टेशनर कागद, कोऱ्या वह्या, शाई, लाख विकतो. बुकसेलर छापील, बांधलेली पुस्तकं विकतो. बाइंडर बांधतो, विकत नाही. तिघांचीही कंपनी एकच, स्टेशनर्सची. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा या शब्दावरून गोंधळ होता आणि कोणीतरी काउंटरपलीकडून समजावून सांगत होतं. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस स्टेशनरच्या मालाला स्टेशनरी म्हणू लागले आणि अठराव्या शतकात ते नाव पक्कं झालं.

आपल्याकडे हा शब्द आला तो कचेरीतून. १७८६ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या सगळ्या खात्यांना कागद-शाई पुरवायला लंडनमध्ये स्टेशनरी ऑफिस काढलं. इथल्या सरकारी कारभारातही स्टेशनरी हे खर्चाचं एक शीर्षक होऊन बसलं. चर्नी रोडला आजही जे संचालनालय आहे त्याचं नाव शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन. लेखनसामग्री हा नेटका शब्द आहे. पण तो फक्त मागणीपत्रकावर भेटतो. दुकानात जाऊन “लेखनसामग्री दाखवा” म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या मागणीपत्रकाने मला एकदा चांगलंच पोळलं आहे. नाव घेत नाही, एका कार्यालयाचे हजार फॉर्म छापायचे होते, वर मराठीत लेखनसामग्री मागणीपत्र आणि खाली इंग्रजीत तेच. आलेल्या मॅटरमध्ये ए होता. मी ई केला. प्रूफ परत आलं तर लाल पेनाने ई खोडून पुन्हा ए. मी फोन केला. “साहेबांनी असंच दिलंय, तुम्ही मॅटरप्रमाणे छापा.” छापलं. पंधरा दिवसांनी गठ्ठा तसाच्या तसा परत आला. कोणीतरी मोठ्या साहेबांनी चूक पकडली होती. लाल पेनवालं प्रूफ मी जपून ठेवलं होतं, ते दाखवलं. कागदाचे पैसे मिळाले, मजुरीचे बुडाले. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर फक्त एकच अक्षर लिहिलेलं आहे, ई.

चूक करणाऱ्यांचा मला राग मात्र येत नाही. आपल्या शाळेत या शेपटाचे जे शब्द आधी भेटतात ते बघा. लायब्ररी, डिक्शनरी, सेक्रेटरी, सॅलरी, जानेवारी, फेब्रुवारी. सगळ्यांत ए. त्या रांगेत स्टेशनरीलाही पोरं ए लावणार नाहीत तर काय. आणि देवनागरीत तर प्रश्नच मिटलेला. ‘स्टेशनरी’ लिहिताना न नंतर ए पण नाही आणि ई पण नाही, नुसता अकार. मराठी माणसाच्या कानाला तिथे निवड करायला काही शिल्लकच राहत नाही.

इंग्रजी शब्द यायच्या आधी इथे लिहिणं नव्हतं असं थोडंच आहे. पेशवाईत दप्तरांचे ढीग रुमालात बांधलेले असत. बोरू होता, टाक होता, दौत होती, ओली शाई टिपायला वाळू होती. कागद, दौत, दप्तर हे शब्द फारसी-अरबीकडून आले, शाईसुद्धा फारसी सियाहीची. काकांच्या दुकानात जुनी गिऱ्हाइकं अजून “चार ताव द्या” म्हणतात. चोवीस तावांचा एक दस्ता. फारसीत दस्त म्हणजे हात, तेव्हा दस्ता म्हणजे हातात मावेल एवढं. रीम हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तोही मुळात अरबी ‘रिज्मा’, गठ्ठा. तो अरबीतून स्पॅनिशमध्ये, तिथून फिरत फिरत इंग्रजीत आणि मग इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत घोडा छाप शाई काढली, तीच पुढे कॅम्लिन झाली. कंपासपेटीवरचा उंट आमच्या पिढीने जेवढा पाहिला तेवढा राजस्थानवाल्यांनीही पाहिला नसेल.

आणि बाजाराने शब्दाचा अर्थही आपल्या सोयीने ताणला. गावाकडच्या आठवडी बाजारात स्टेशनरीचं दुकान म्हटलं की टिकल्या, पिना, रिबिनी, कंगवे, आरसे. पेन असलंच तर कोपऱ्यात. त्याच पालावर कटलरीही असते, आणि तीत सुरी-काटा सोडून सगळं असतं, विशेषतः बांगड्या. कटलरी हा शब्दही याच साच्यातला. सुऱ्या बनवणारा तो कटलर, त्याची ती कटलरी. म्हणजे त्या पालावर दोन जुने इंग्रज कारागीर शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि दोघांकडेही स्वतःचा माल नाही.

लहानपणी माझी या शब्दाबद्दल एक ठाम समजूत होती. स्टेशनजवळ मिळते ती स्टेशनरी. पुरावाही होता. आमच्या सगळ्या वह्या स्टेशनजवळूनच यायच्या. पुढे ही समजूत गेली, पण ती किती बरोबर होती हे कळायला बरीच वर्षं लागली. स्टेशन हा शब्दही त्याच ‘स्तातिओ’चा. आगगाडीच्या कितीतरी आधीपासून त्याचा अर्थ ठाणं, मुक्काम, नेमणुकीची जागा असा होता. म्हणून तर महाबळेश्वरला रूळ नसताना ते हिल स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली गाडी सुटली आणि एकवीस मैलांवर येऊन थांबली. ती जिथे थांबली त्या जागेला इंग्रजांनी स्टेशन म्हटलं. त्या गावाचं नाव आधीपासूनच स्टेशन होतं.

हे मी थट्टेत म्हणत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या कोरीव लेखांत या गावाचं नाव स्थानक, श्रीस्थानक असं येतं. १७८७ मध्ये ठाण्यात पाया खणताना एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. त्यातही हे नाव आहे. संस्कृतातलं ‘स्थ’ प्राकृतात ‘ठ’ होतं. स्थानचं ठाण झालं, आणि स्थानकचं ठाणे. तीच घडण उठणे, ठेवणे, ठाव या शब्दांत दिसते. सगळ्यांच्या पोटात संस्कृतचा ‘स्था’ धातू आहे, उभं राहणं.

आणि हा ‘स्था’ लॅटिनच्या ‘स्तारे’चा सख्खा चुलतभाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाने घडलेलं नाही, त्यांचा उगम एकच असावा, हे विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं ते २ फेब्रुवारी १७८६ ला. ते भाषण सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्या खंडात छापलं गेलं. ठाण्याच्या त्या ताम्रपटाचा इंग्रजी अनुवादही त्याच खंडात आहे, भाषणाच्या थोडीशीच पानं आधी. एका लेखात श्रीस्थानक हे नाव, आणि त्याच पुस्तकात पुढे, स्थानक आणि स्टेशन नातेवाईक का आहेत याची किल्ली. ही जोडी कळली त्या संध्याकाळी मी मासुंदा तलावाला उगीचच दोन फेऱ्या मारल्या.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला ठाणेदार. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो, ते भाषांतर ज्याने केलं त्याने नकळत शब्दाला त्याच्या मूळ घरी आणून सोडलं. ठाणे स्टेशनात रेल्वे पोलिसांकडे मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला जा. रेल्वे स्थानक ठाणे, तिथलं ठाणे लोहमार्ग पोलीस ठाणे. एकाच पत्त्यात तो एक धातू चार वेळा उभा आहे. इंग्रजीत स्टेशनरी शब्दाचा अर्थ समजावताना लोक दोन-दोन वाक्यं खर्च करतात. मराठीत तो एका वाक्प्रचारात बसतो. स्टेशनर म्हणजे ठाण मांडून बसलेला दुकानदार. शब्दशः, धातूसकट.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण ए आणि ई यांचं भांडण या गावाच्या नावातही आहे. इंग्रजांच्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षं ठाण्याचं रोमन स्पेलिंग टी-एच-ए-एन-ए असं होत असे. जुनी गॅझेटियरं, जुने शिक्के, आजोबांच्या पत्रव्यवहाराची पाकिटं, सगळीकडे ‘थाना’. नंतर मराठी उच्चाराप्रमाणे शेवटचा ए जाऊन ई आला. रेल्वेच्या तिकिटावर मात्र स्थानकाचं लघुनाव अजूनही टी-एन-ए आहे. गावाने ई घेतला, तरी स्टेशनाने ए सोडलेला नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा हलले. “म्हणजे गावाचं स्पेलिंग बदलतं, तर माझं दुकान काय,” असं काहीसं पुटपुटले.

या सगळ्या व्युत्पत्तीला सुरुंग लावणारा एक माणूस मला रोज भेटतो. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये, महिलांच्या डब्यात. गळ्यात प्लास्टिकची ट्रे, तीत जेलपेनं, स्टिकर, खोडरबर, छोट्या डायऱ्या. “दहाला दोन, दहाला दोन, लिहून बघा, चालली तरच घ्या.” मुलुंडला चढतो, ठाण्याला उतरतो. फेरीवाल्यापासून वेगळा ओळखता यावा म्हणून ज्या दुकानदाराला हे नाव मिळालं, त्याचाच माल आता चालत्या गाडीत फेरीवाला विकतो. त्याच्याकडून घेतलेल्या पेनाने मी बरीच प्रुफं तपासली आहेत. दोनातलं एक चालतं.

काकांचा बोर्ड लागला तो मुदत संपायच्या दोन दिवस आधी. ॲक्रिलिकची अक्षरं आधीच कापून झाली होती, इंग्रजी ओळीचीसुद्धा. बोर्डवाल्या पोराने शिडीवर बसूनच विचारलं, “ताई, ए काढू की राहू दे? एका अक्षराचे वेगळे पडतील.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिडीकडे. “काढ रे बाबा, नाहीतर ही रोज येता-जाता वाचेल.” त्याने पटाशीने ए सोडवला, उरलेल्या तुकड्यातून ई कापला आणि चिकटवला. पण ए चांगला पसरट होता आणि ई अरुंद. मागच्या पत्र्यावर गोंदाचा त्रिकोण राहून गेला. रात्री आतला एलईडी लागला की ईच्या मागे ए अजून दिसतो. काढलेला ए काकांनी फेकला नाही. काउंटरवर बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलाय, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.